अर्धी बाटली

प्रयोगशाळेत तिला सगळे काडीताई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण त्या नावाने कुणी हाक मारली असती तर तिने मान वर केली असती की नाही, शंकाच आहे. नाव पडलं ते कामावरून. जेलीच्या बशीत जिवाणूंचे ठिपके उगवत, खसखशीच्या दाण्याएवढे. त्यातला एकेक ठिपका लाकडी काडीने टिपायचा आणि प्लास्टिकच्या तबकडीतल्या खळग्यात बुडवायचा. एका ठिपक्याला एक काडी, एक खळगा. तबकडीत खळगे तीनशे चौऱ्याऐंशी. अशा तीनशे तबकड्या तिने तेरा महिन्यांत एकटीने भरल्या. तिची थोरली बहीण, अक्का, म्हणायची, "घरात काड्या लावून मन भरलं नव्हतं वाटतं. आता सहीशिक्क्यानिशी लावतेस."

अक्कानेच तिला वाढवलं होतं. आई गेली तेव्हा ही सहा वर्षांची आणि अक्का अठराची. अक्का शाळेचे गणवेश शिवायची. पुढे लग्न ठरलं तेव्हा तिने होणाऱ्या नवऱ्याला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, "ही माझ्याबरोबर येणार. जमत असेल तर बघा." भावोजींना जमलं. त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत काडीताई राहायला आली ती कायमचीच. तिच्या स्वतःच्या लग्नाचा विषय दोन-तीनदा निघाला आणि दोन-तीनदा बारगळला.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम प्रतिपिंडांच्या मागे लागल्या होत्या. रोगाचा जंतू अंगात शिरला की त्याला नेमका ओळखून पकडणारं प्रथिन म्हणजे प्रतिपिंड. जंतू हजार तऱ्हेचे, तर प्रतिपिंडंही हजार तऱ्हेची लागतात. मग एवढ्या तऱ्हा शरीर आणतं कुठून? काडीताईने हे कोडं घरी सांगितलं तेव्हा अक्का शिलाई मशीनवर होती. पाय न थांबवता ती म्हणाली, "त्यात काय मोठंसं? दहा कॉलर, दहा बाह्या आणि पाच खिसे कापून ठेवले की पाचशे तऱ्हेचे सदरे होतात."

मॅडमना हे इतकं आवडलं की पाहुण्यांना समजावून सांगताना त्या हेच उदाहरण देऊ लागल्या. खरोखरच तसं होतं. जनुकांचे हे तुकडे एका लांब ओळीत मांडलेले असतात. शरीर या गटातला एक, त्या गटातला एक घेतं आणि जोडून टाकतं. ओळीतले निम्म्याहून जास्त तुकडे मेलेले असतात. दिसायला इतरांसारखेच, पण मध्येच तुटलेले, कधीच उपयोगी न पडणारे. "कापताना फसलेलं कापड," अक्का म्हणाली. "फेकवत नाही आणि शिवताही येत नाही."

अडचण एवढीच होती की हे सगळे तुकडे सख्ख्या भावंडांसारखे दिसत. डीएनएचे बारीक बारीक कपटे करून वाचले तर कुठला कपटा कुणाशेजारचा, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून मोठे, अखंड तुकडे हवे होते. एकाच माणसाचा सगळा डीएनए मोठमोठ्या तुकड्यांत कापायचा, एकेक तुकडा एकेका जिवाणूत बसवायचा आणि तो जिवाणू वाढवत राहायचा. जिवाणू दुप्पट झाला की आतला माणसाचा तुकडाही दुप्पट. या सगळ्या संग्रहाला ते लायब्ररी म्हणत. ती भरायची कामगिरी काडीताईवर आली.

आता माणूस कोण? मॅडमनी दहाजणांना रक्त द्यायला बोलावलं. कामावरच्यांचे नातेवाईक, शेजारीपाजारी, ओळखीपाळखीचे. बाहेरचे एक डॉक्टर बाटल्यांवरची नावं काढून नुसते आकडे घालणार, त्यातली एक उचलणार आणि नावांची यादी फाडून टाकणार होते. लायब्ररी कुणाची, हे देणाऱ्याला नाही, मॅडमना नाही, कुणालाच कधी कळणार नव्हतं. तसा शब्द सगळ्यांना दिला होता.

अक्काही त्या दहांत होती. फॉर्मवर 'प्रकृती' असा रकाना होता. ती मोठ्याने म्हणाली, "मला काय धाड भरलीय? लिहा, ठणठणीत." पण तिची शीर सापडेना. सापडली तर मध्येच दबली. नर्सने तीनदा सुई हलवली, शेवटी अक्काच वैतागली. "पुरे झालं बाई. जेवढं आलं तेवढं घ्या." हाताच्या पंज्याएवढ्या बाटलीत रक्त निम्म्यापर्यंतच आलं होतं. बाकीच्या नऊ बाटल्या गळ्यापर्यंत भरल्या होत्या. काडीताई तिथेच उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी निवडलेली बाटली मॅडमनी तिच्या हातात दिली. वर आकडा होता, चार. बाटली अर्धी होती.

तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडम वहीत वेळ लिहीत होत्या. त्याच क्षणी सांगायला हवं होतं की ही कुणाची ते मला कळलंय, दुसरी घ्या. तिच्या जिभेवर आलंही होतं. पण गळ्यातून निघालं ते एवढंच, "लगेच सुरू करते." का बोलली नाही, हे पुढे तिने स्वतःला शेकडो वेळा विचारलं. एक उत्तर असं होतं की तिला आनंद झाला होता. जिने तिला वाढवलं तिला आता ही वाढवणार होती.

घरीही ती बोलली नाही. तेरा महिने ती अक्काचे तुकडे काडीने टिपत राहिली आणि घरी गेल्यावर अक्काच्या हातचं जेवली.

पुढची दोन वर्षं शोधाची होती. सगळ्या तबकड्यांचे ठसे नायलॉनच्या पडद्यावर घ्यायचे, प्रतिपिंडांच्या जनुकांना चिकटणारं रसायन त्यावर सोडायचं आणि वर एक्स-रेची फिल्म लावायची. जिथे काळा ठिपका उमटेल त्या खळग्यात हवा तो तुकडा. असे शंभरावर तुकडे मिळाले. त्यांची टोकं जुळवत जुळवत ती ओळ लावत गेली. प्रत्येक माणसात ही ओळ दोनदा असते, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. एका ओळीत एके ठिकाणी पाच जनुकं सलग होती. दुसऱ्या ओळीत त्याच जागी दोनच. मधली तीन नव्हतीच.

हा फरक दाखवणारी फिल्म तिने दिव्यासमोर धरून बराच वेळ पाहिली. जिवाणू कधीकधी आपल्या पोटातला तुकडा थोडाफार गाळून टाकतात, हे तिला माहीत होतं. तसंच झालं असणार, असं म्हणून तिने फिल्मवर पेन्सिलने 'गाळला?' असं लिहिलं आणि ती खणात टाकली. वेळ झाला की पुन्हा करून बघू. वेळ झाला नाही.

त्यानंतर आठ महिन्यांनी अक्का आजारी पडली. आधी साधा खोकला. गणवेशांची घाई होती, म्हणून तिने तो अंगावर काढला. मग ताप चढला, श्वास लागला, आणि दोन्ही फुप्फुसांत संसर्ग पसरला म्हणून तिला दवाखान्यात ठेवलं. काडीताई चार दिवस तिच्या उशाशी बसली. चौथ्या दिवशी प्रयोगशाळेतून निरोप आला की मोठा फ्रीझर बंद पडलाय, तबकड्या वितळायला लागल्यात. वितळलेली लायब्ररी तशीच ठेवता येत नाही. प्रत्येक तबकडीची नवी प्रत लगेच करावी लागते, नाहीतर जिवाणू मरतात आणि सगळं मातीमोल होतं. ते काम हातात बसलेलं माणूस एकच होतं.

"जाऊन येते," ती भावोजींना म्हणाली.

गेली ती दोन दिवस तिथेच राहिली. तबकड्या वाढवायची खोली कायम सदतीस अंशावर ठेवलेली असायची, जिवंत माणसाच्या अंगाएवढी उबदार. तिथे मांडणीवर एकावर एक रचलेल्या तबकड्यांकडे बघून तिच्या मनात एक विचार आला आणि तिने तो झटकला नाही. अक्का तिकडे आहे तशी इकडेही आहे. तिकडे डॉक्टर आहेत, इकडे माझ्याशिवाय कोण आहे? शेवटची तबकडी तिने सहाव्या दिवशी सकाळी झाकली. हात धुऊन निघणार, एवढ्यात फोन वाजला. भावोजी होते. नुसता त्यांचा श्वास ऐकू येत राहिला, आणि तिला कळलं.

पंधरा दिवसांनी ती कामावर गेली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "काडीताई, लायब्ररी वाचली ती तुमच्यामुळे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वर्षाच्या आतच मॅडमना खणात ती फिल्म सापडली. त्यांनी दुसऱ्या तुकड्यांवर तेच पुन्हा तपासलं. जिवाणूने काही गाळलं नव्हतं. त्या माणसात ती तीन जनुकं एका ओळीत खरोखरच नव्हती. मॅडमना फार आनंद झाला, त्यावर त्यांनी लेखही लिहिला. काडीताईने मात्र मनात वेगळाच हिशेब मांडला. प्रतिपिंडं बनवायची जनुकंच कमी, आणि बाई फुप्फुसाच्या संसर्गाने गेली. ते भगदाड आठ महिने आधी तिच्या हातात होतं. दिव्यासमोर धरून तिने ते पाहिलं होतं, आणि खणात टाकलं होतं.

तिथून पुढे सोळा वर्षं तिने काढली ती अशी की बाहेरून कुणाला काही दिसू नये. ती वेळेवर यायची, वेळेवर जायची. दर दोन वर्षांनी लायब्ररीची नवी प्रत करायची, आणि ते काम ती कुणाला हात लावू द्यायची नाही. उबदार खोलीत शिरण्याआधी दारावर टकटक करायची. रिकाम्या खोलीवर कसली टकटक, म्हणून नवे लोक हसत, मग सवयीने हसेनासे झाले. आत तबकड्या हलवणारं यंत्र लयीत घरघरत असायचं. थोडा वेळ उभं राहिलं की ती घरघर मशीनच्या आवाजासारखी ऐकू यायची, आणि लय मध्येच तुटली की ती वाट बघायची. अक्का दोरा तोंडात धरून ओवतेय, आता पुन्हा पाय चालवेल. जिवाणूंना घामासारखा आंबूस वास असतो. तो वास तिच्या केसांत बसायचा आणि ती तो धुवायची नाही.

कधीकधी ती बोलायची. "अक्का, सरकून बस, बाराव्या तबकडीला जागा हवीय." उत्तर यायचं नाही. पण ऐकणारं कुणीतरी आहे, अशी ती खोली भरलेली असायची. कधी ते ऐकणं प्रेमाचं वाटे. कधी ते कुणी रागाने गप्प बसावं तसं असायचं, आणि मग ती मागे वळून न बघता बाहेर पडायची.

अक्काची मुलगी आई गेली तेव्हा चौदा वर्षांची होती. मावशीनेच तिचं पुढचं सगळं केलं. ती शिकली, लग्न करून त्याच गावात राहिली, तिला मुलगी झाली. नात दोन वर्षांची असताना एकाच वर्षात तिला तिसऱ्यांदा न्यूमोनिया झाला.

तिसऱ्या वेळी काडीताई दवाखान्याच्या दारातूनच माघारी फिरली. ती सरळ प्रयोगशाळेत आली आणि मॅडमच्या खोलीत जाऊन उभी राहिली. मॅडम निवृत्तीला आल्या होत्या. खोक्यांत पुस्तकं भरत होत्या.

"मॅडम, लायब्ररी कुणाची आहे ते मला ठाऊक आहे."

मॅडमनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "बसा आधी."

ती बसली नाही. उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं. दबलेली शीर, अर्धी बाटली, चार आकडा, खणातली फिल्म, आता नातीचा आजार. "ते भगदाड पोरीत उतरलंय. तिला तपासा. माझं काय करायचं ते करा, पण तिला तपासा."

मॅडमनी पुस्तकांचं खोकं बाजूला सरकवलं. मग म्हणाल्या, "पहिली गोष्ट. ते भगदाड निघाल्यावर आपण आणखी तीसजणांचं रक्त तपासलं होतं. नमुने तुम्हीच लावलेत, नावं तुम्हाला ठाऊक नव्हती. त्यातल्या सातजणांत ते होतं. सातही धडधाकट. त्यातली एक मी. त्याने माणूस मरतो असं आजवर कुठेही दिसलेलं नाही."

"पण अक्का—"

"दुसरी गोष्ट. तुमच्या हातात बाटली अर्धीच येणार होती, काडीताई. कुणाचीही असती तरी. पहिला प्रयत्न फसला तर हाताशी असावं म्हणून निवडलेल्या बाटलीतलं अर्धं रक्त मी स्वतः काढून ठेवलं होतं. निवड झाली ती नऊ भरलेल्या बाटल्यांतून. दहावी डॉक्टरांनी निवडीला घेतलीच नव्हती. रक्त पुरेसं नाही, म्हणाले. कुणाची होती ते मला आत्ता तुमच्याकडून कळतंय. ती त्याच दुपारी टाकून दिली."

"टाकून दिली," काडीताई म्हणाली.

"हो. तुम्ही एकदा विचारलं असतंत तर…"

पण विचारणं म्हणजेच कबूल करणं होतं. हे दोघींनाही कळलं, आणि मॅडमनी वाक्य पुरं केलं नाही.

हायसं वाटायला हवं होतं. जिन्यावरून खाली येताना काडीताई त्याची वाट बघत होती. हायसं वाटलं नाही. सवयीने ती उबदार खोलीकडे वळली, दारावर टकटक करायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. आत यंत्र घरघरत होतं. सोळा वर्षं ती ज्याच्याशी बोलली ते माणूस तिला ओळखतही नव्हतं. आणि अक्का या इमारतीत एक दुपारसुद्धा राहिली नव्हती. अक्का दवाखान्यातच होती, सगळीच्या सगळी, जेव्हा ही इथे बसून परक्याच्या तबकड्या झाकत होती.

दोन दिवसांनी नातीच्या घशातून नळी घालून डॉक्टरांनी बघितलं. उजव्या बाजूच्या श्वासनलिकेत शेंगदाण्याचा तुकडा अडकला होता, कित्येक महिन्यांपासून. तो काढला आणि पोरगी आठवड्यात हिंडायला लागली. भाची हसून हसून रडली. "एवढासा शेंगदाणा, मावशी! माझा जीव टांगणीला लावला."

घर शांत झाल्यावर एका दुपारी काडीताईने भाचीला सगळं सांगितलं. अर्ध्या बाटलीचं सांगितलं, पण मुख्य म्हणजे ते दोन दिवस. "फ्रीझर बंद पडला हे खरं. पण मी निघाले ती त्याच्यासाठी नव्हे. मला तिचा तो श्वास ऐकवत नव्हता. तिकडे गेल्यावर मी मनाची समजूत घातली की ती माझ्याजवळच आहे."

भाची बराच वेळ पोरीचे कपडे घडी करत राहिली. मग म्हणाली, "मी होते तिच्याजवळ."

"मला विचारत होती?"

"नाही. कुणालाच ओळखत नव्हती. मापं सांगत होती. छाती बत्तीस, खांदा चौदा, बाही एकवीस. थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून. बाबांना वाटलं, भ्रम झालाय. मला वाटलं, कुणाचं तरी शिवायचं राहिलंय, म्हणून मी लिहून घेतलं."

"कुणाची मापं?"

"कुणाचीच जुळली नाहीत. नंतर मी तिच्या सगळ्या वह्या पाहिल्या." भाचीने एक घडी मोडून पुन्हा घातली. "मावशी, तू यायला हवं होतंस."

"हो," काडीताई म्हणाली.

त्यापुढे त्या विषयावर दोघी कधी बोलल्या नाहीत. येणं-जाणं मात्र तुटलं नाही, उलट वाढलं. भाची पोरीला बिनदिक्कत तिच्यावर सोपवून कामाला जायची.

मॅडम निवृत्त झाल्या आणि लायब्ररी दुसऱ्या संस्थेकडे गेली. काडीताईने शेवटची प्रत करून दिली, कोरड्या बर्फात तबकड्या रचून दिल्या, नव्या लोकांना काम समजावून सांगितलं. तिची बदली दुसऱ्या विभागात झाली. तिथे उबदार खोली नव्हती.

पण एक खोड तिला लागली ती सुटली नाही. ते नऊजण याच गावचे होते. त्यांतला एक कुणीतरी लायब्ररीत होता, आणि बहुधा बाहेरही होता, हिंडता-फिरता, आपल्यात तीन जनुकं कमी आहेत याचा पत्ता नसलेला. इतकी वर्षं त्याला तिने अक्का म्हणून हाक मारली होती. टपालाच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर, पन्नाशी-साठीचं कुणी शेजारी आलं की ती त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहायची. एकदा बसमध्ये एक म्हातारा गृहस्थ तोंडावर रुमाल धरून खोकत होता. ती उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"किती दिवस झाले खोकल्याला?"

"आठ-दहा," तो म्हणाला. "का हो? आपली ओळख आहे का?"

तिने थोडा विचार केला. "असेल," ती म्हणाली. "अंगावर काढू नका. उद्याच दाखवा."

तो उतरेपर्यंत ती त्याच्याजवळ बसून राहिली. तिचा थांबा केव्हाच मागे गेला होता.